वॉटरबॉक्सर, सुबारू की टीडीआय? टी-२५ कॅम्परचं इंजिन बदलण्याआधी

प्रश्न: आमच्याकडे १९८४ ची फोक्सवॅगन टी-२५ आहे, होल्ड्सवर्थने बनवलेली कॅम्पर. १.९ पेट्रोल, इंजिन कोड डीजी, चार गिअर. राहतो रेडिंगला, मी, बायको, दोन मुलं. वर्षाला दोन मोठ्या सहली आणि अधूनमधून शनिवार-रविवार. पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंड, जमलं तर नंतर कधीतरी आल्प्स. मागच्या महिन्यात वेल्सहून परत येताना चढावर तापमानाचा काटा वर गेला आणि लाल दिवा लुकलुकला. डाव्या बाजूला हेडच्या (सिलिंडरच्या झाकणाच्या) सांध्यातून कुलंट ठिबकतं. सकाळी गाडी चालू केली की पाचेक मिनिटं टकटक येते. गॅरेजवाला म्हणतो इंजिन संपलं, सुबारूचं टाका. मित्र म्हणतो टीडीआय (फोक्सवॅगनचं टर्बो डिझेल) टाक, डिझेल जन्मभर चालतं. काय करावं?

उत्तर: इंजिन संपलं, हे तुमच्या लिहिण्यावरून तरी मला दिसत नाही. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांतल्या एकीनेही इंजिन भंगारात जात नाही. सुबारूचं नंतर बघू. आधी गाडीत जे आहे त्याला नक्की काय झालंय ते ठरवू.

टकटक सगळ्यात सोपी. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे, ऑइलने भरलेले दट्टे) आहेत. गाडी आठवडाभर उभी राहिली की त्यांतलं ऑइल उतरतं, आणि परत भरेपर्यंत ते वाजतात. पाच मिनिटांत आवाज जात असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला, गाडी एकदा चांगली तासभर पळवा आणि तो विषय सोडून द्या. इंजिन पूर्ण तापल्यावर, चढावर ॲक्सिलरेटर दाबताना खालून जड ठोका येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज असतो आणि मग गाडी अजिबात चालवायची नाही.

लाल दिव्याचं असं आहे की टी-२५ मध्ये तो दोन कारणांनी लुकलुकतो: पाणी जास्त तापलं तर, आणि एक्स्पान्शन टाकीतली पातळी उतरली तरी. तुमचं कुलंट गळतंय, म्हणजे पातळी उतरणारच. त्यातून या गाडीत रेडिएटर नाकापाशी, इंजिन शेपटीला, आणि मध्ये गाडीच्या पोटाखालून गेलेले लांबलचक पाइप. सगळं मिळून सोळा-सतरा लिटर कुलंट बसतं. एवढ्या वाटेत कुठेही हवा अडकली की काटा भलतंच दाखवतो. गॅरेजने नुसतं वरून कुलंट ओतून दिलं असेल, गाडीचं नाक उचलून रेडिएटरच्या वरच्या स्क्रूतून हवा काढली नसेल, तर पुढच्या चढावर हेच परत होणार.

आता ठिबकणं. इथे बहुतेक साध्या मिस्त्रींचा गोंधळ होतो, कारण हे इंजिन इतर इंजिनांसारखं बांधलेलं नाही. फोक्सवॅगनने १९८२ च्या अखेरीस बीटलच्या घराण्यातल्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा आराखडा घेऊन त्याला पाण्याचं जॅकेट दिलं. म्हणून वॉटरबॉक्सर हे नाव. नेहमीच्या कारमध्ये ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये एकच सपाट गॅस्केट असतं. ते गेलं की पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जातं, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, सगळं एकदमच. वॉटरबॉक्सरमध्ये दोन सांधे वेगवेगळे आहेत. सिलिंडरच्या तोंडाशी धातूची कडी असते, ती स्फोटाचा दाब धरते. आणि बाहेरून, पाण्याच्या जॅकेटच्या कडेने, कुकरच्या रिंगसारखं जाड रबर असतं. त्याचं काम फक्त पाणी आत ठेवणं. तुमच्याकडे जे गळतंय ते बहुतेक हे बाहेरचं रबर आहे. गॅरेजवाल्याने पाहिलं, ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणाला, आणि तिथून ‘इंजिन गेलं’ पर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला नाही.

हेड उतरवल्यावर काय दिसतं तेही सांगतो, म्हणजे कोणी फोटो पाठवला तर तुम्हाला वाचता येईल. रबर जिथे बसतं त्या ॲल्युमिनियमच्या कडेवर पांढरट भुकटी आणि काळा थर असतो. तो पितळी ब्रशने साफ केला की खाली खड्डे दिसतात, कधी नख अडकेल इतके, कधी आगपेटीच्या काडीचं टोक बसेल इतके खोल. वर्षानुवर्षं नळाचं पाणी किंवा चुकीचं कुलंट घातल्याचा हा परिणाम. या इंजिनाला फॉस्फेट नसलेलंच कुलंट लागतं आणि दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. चाळीस वर्षांत मालक किती झाले असतील आणि त्यांतल्या कितींनी हे पाळलं असेल, विचार करा. खड्डे उथळ असतील तर वेल्डिंगने भरून फेसिंग करता येतं, म्हणजे घासून सपाट करता येतं. खोल असतील, किंवा दोन व्हॉल्व्हच्या मधली चीर मोठी असेल, तर नवी हेड घ्यायची. स्पेनच्या एएमसी कंपनीची मिळतात.

म्हणून कुणालाही पैसे देण्याआधी चार तपासण्या करून घ्या. इंजिन उतरवावं लागत नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पहिली, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, इंजिन गरम असताना. आकडा किती यापेक्षा चौघांतला फरक बघा. तीन बारच्या वर गेला तर कुठेतरी दुखणं आहे. मग लीक-डाउन करायचं, म्हणजे पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि ती कुठून पळते ते कान लावून ऐकायचं. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. एक्स्पान्शन टाकीत बुडबुडे आले तरच आतली कडी गेली. दुसरी तपासणी त्याच टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरून. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर निळं द्रावण पिवळं होतं. तिसरी, ऑइल प्रेशर, आणि तेही खऱ्या गेजने, डॅशबोर्डवरच्या दिव्यावर भरवसा ठेवून चालत नाही. ऑइल ८० अंशांना आणि इंजिन २००० आरपीएमला असताना किमान २ बार हवं. चौथी तपासणी फुकट आहे. इंजिन बंद करा, मागची क्रँक पुली दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे ओढून बघा. हाताला खटखट जाणवण्याइतकी ती सरकली तर मुख्य बेअरिंगची जागा झिजली आहे, मग मात्र इंजिन पूर्ण उघडावं लागेल.

चारही बऱ्या निघाल्या तर तुम्हाला इंजिन बदलायचंच नाही. दोन्ही हेड उतरवायची, सिलिंडर लायनरचे खालचे सीलसुद्धा बदलायचे आणि परत चढवायचं. फक्त गळणारी बाजू करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. दोन्ही बाजूंचं वय एकच आहे. शिवाय हेड ओढताना लायनर हलतातच, खालचा सील एकदा हलला की तो परत धरेल याची खात्री देता येत नाही. एका हेडला आठ स्टड (हेड धरून ठेवणारे आटेदार दांडे) असतात. चाळीस वर्षांचा गंज खाल्लेले स्टड उतरवताना तुटतात. अनुभवी मिस्त्री आधी नटाला उष्णता देतो, एक दिवस भेदक तेल पाजून ठेवतो. घाईवाला लांब पाइप लावून ओढतो आणि इंजिनाच्या केसमधला, म्हणजे मुख्य कवचातला, आटा घालवून बसतो. काम कुणाला द्यायचं हे ठरवताना त्याला एवढंच विचारा: स्टड तुटला तर काय करता? उत्तर लगेच आणि सविस्तर आलं, तर माणूस कामाचा.

केसच झिजली असेल, म्हणजे चौथ्या तपासणीत पुली सरकली, तर प्रश्न खरा झाला. तेव्हा पर्याय कोणते?

हा प्रश्न घेऊन येणारा प्रत्येकजण फक्त इंजिनाबद्दल विचारतो: घोडे किती, किंमत किती, किती वर्षं चालेल. प्रत्यक्षात इंजिन हा सगळ्यात सोपा आणि बरेचदा स्वस्त भाग असतो. त्याला गिअरबॉक्सशी जोडणारी प्लेट, फ्लायव्हील, क्लच, खालचा आधार, ऑइल चेंबर, कुलंटचे पाइप, सायलेन्सर, वायरिंग, हवेचा फिल्टर, कागदपत्रं, विमा, हे सगळं मिळून एक काम होतं. माझ्याकडे ओढून आणलेल्या गाड्यांत इंजिन खराब झालेल्या कमी आणि अर्धवट सोडलेली कन्व्हर्जन्स (दुसरं इंजिन बसवण्याची कामं) जास्त. इंजिन ठणठणीत, पण पाण्याची वाट चुकलेली, वायरिंगला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आणि काम करणारा फोन उचलत नाही. म्हणून मी इंजिनांची तुलना करताना आधी एकच बघतो: हे काम शेवटपर्यंत पूर्ण केलेली गाडी तुम्हाला दोन तास चालवून बघायला मिळते का.

तयार केलेलं वॉटरबॉक्सर हा पहिला पर्याय, आणि लोक त्याला उगाच नाक मुरडतात. तुमचं जुनं इंजिन देऊन बदली इंजिन मिळतं. सगळे पाइप, वायरी, सायलेन्सर, क्लच जिथल्या तिथे राहतात. दोन-तीन दिवसांत गाडी परत रस्त्यावर. डीजी इंजिन ७८ घोड्यांचं आहे आणि ते तेवढंच राहील, ही त्याची मर्यादा. सामान, पाणी, चार माणसं धरून तुमची गाडी दोन टनांच्या वर जाते. एम-४ मोटरवेवर ट्रकच्या वेगाने निवांत जायला हे पुरतं. स्कॉटलंडलाही पुरतं. आल्प्समध्ये मात्र दोन हजार मीटरवर साध्या पेट्रोल इंजिनाची साधारण पाचवा हिस्सा ताकद हवा विरळ झाल्यामुळेच जाते. तिथे तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मागे लागलेल्या रांगेला वाट देत चढाल. तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल तर उत्तम.

२.१ चं वॉटरबॉक्सर टाका असंही कुणीतरी सुचवेल. इंजेक्शनवालं, डीजे कोडचं इंजिन ११२ घोड्यांचं आहे आणि फरक खरंच जाणवतो, विशेषतः चढावर, कारण टॉर्क १४१ वरून १७४ न्यूटन-मीटरला जातो. पण त्यासाठी इंजेक्शनचं वायरिंग, पेट्रोलचा परतीचा पाइप आणि वेगळी कुलंटची नळ्याजोडणी लागते. काहीजण २.१ वर जुनाच कार्बोरेटर जेट बदलून बसवतात. चालतं, फायदा थोडा कमी मिळतो, भानगडी बऱ्याच कमी होतात. २.१ घेणार असाल तर बांधणाऱ्याला कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवे घातलेत का ते लेखी विचारा. ते ताणले जाणारे बोल्ट आहेत, एकदाच वापरायचे. जुनेच परत लावलेलं २.१ एखाद्या दिवशी केसला आतून भोक पाडून रॉड बाहेर काढतं. १.९ त्या मानाने गरीब जनावर.

सुबारूबद्दल तुमच्या गॅरेजवाल्याचं अगदीच चूक नाही. टी-२५ ला बसणारं सगळ्यात चांगलं परकं इंजिन कोणतं म्हणाल तर मी सुबारूचं २.२ लिटरचं ईजे-२२ म्हणेन. तेही आडवं, चार सिलिंडरचं, त्यामुळे मागच्या झाकणाखाली बसतं आणि गाडीचा तोल बदलत नाही. १३० घोड्यांच्या आसपास ताकद, गुळगुळीत चाल. जुन्या ईजे-२२ मध्ये टाइमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही; १९९७ च्या सुमारास आतली रचना बदलली, त्यानंतरच्यात ही सोय राहिली नाही. अडचण अशी की हे इंजिन ज्या लेगसी गाड्यांतून येतं त्या आता तिशीच्या पुढे गेल्यात आणि इंग्लंडच्या मिठाळ रस्त्यांनी बऱ्याचशा खाऊन टाकल्यात. म्हणून मग मिळेल ते ईजे-२५ टाकलं जातं. नव्वदीतली डबल कॅमवाली ईजे-२५ हेड गॅस्केटसाठी बदनाम आहेत. गळणाऱ्या हेडला कंटाळून गळणारंच हेड विकत घ्यायचं, याला काय म्हणावं!

सुबारू बसवताना चुकतं ते मुख्यतः पाण्यात. याचा थर्मोस्टॅट इंजिनातून पाणी बाहेर पडतं तिथे नसतो, पंपाकडे पाणी परत येतं तिथे असतो. त्याला गरम पाणी लागावं म्हणून हीटरच्या फेऱ्यातून थोडं पाणी सतत फिरत ठेवलेलं असतं. टी-२५ मध्ये बसवताना बसवणारा हीटरची नळी कुठेतरी बंद करतो किंवा कॉक लावतो. मग थर्मोस्टॅटपाशी पाणी थंडच राहतं, तो उघडत नाही, आणि तिकडे हेड उकळत असतं. काटा कधी वर, कधी खाली. मालक रेडिएटर बदलतो, पंखा बदलतो, कॅप बदलतो. दोष असतो अंगठ्याएवढ्या नळीत. कन्व्हर्जन केलेली गाडी बघायला गेलात तर बसवणाऱ्याला ही नळी दाखवायला सांगा. त्याने बोट ठेवून दाखवली तर पुढे बोलायचं.

दुसरं ऑइल चेंबर. सुबारूचं मूळ चेंबर टी-२५ खाली फार लोंबतं; पहिल्याच कॅम्पसाइटच्या दगडावर आपटेल. ते छोटं करून घ्यावं लागतं आणि आतला ऑइल खेचणारा पाइपही त्या मापाचा करावा लागतो. तिसरं, पाण्याच्या नळ्यांची तोंडं. इंजिन उलटं फिरवून बसतं, म्हणून तोंडं मागच्या बंपरकडे येतात आणि गाडीचे पाइप पुढून येतात; त्यासाठी मॅनिफोल्ड उलटवलेलं मिळतं ते घ्यावं. आणि वायरिंग. सुबारूच्या हार्नेसमधल्या नको त्या वायरी काढून, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) वेगाचा सिग्नल देऊन, लॅम्डा (ऑक्सिजन) सेन्सर जोडून, फॉल्टचा दिवा डॅशबोर्डवर आणून दिला असेल तरच ते पूर्ण झालं. फॉल्टचा दिवा न जोडणं हा माझ्या लेखी नापास होण्याचा मुद्दा आहे. स्कॉटलंडच्या टोकाला गाडी अडखळू लागली तर तिथला मिस्त्री बिघाड कसा वाचणार?

आता मित्राचं टीडीआय. डिझेल म्हणजे जन्माचं, हा विश्वास आपण गावाकडून घेऊन येतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम शिकलो, त्या टेम्पो ट्रॅक्सच्या इंजिनांवर हात काळे केलेत. ते मर्सिडीजच्या ओएम-६१६ वरून आलेलं इंजिन, ना संगणक ना नाजूकपणा. खाली बसलं की लायनर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग करून पुन्हा उभं. टीडीआय त्या जातीचं नाही. चांगलंच इंजिन आहे, पण टर्बो आहे, पंपाला इलेक्ट्रॉनिक्स आहे, आणि टाइमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. पूर्ण मेकॅनिकल पंप लावून वायरिंग टाळणारेही आहेत, आणि रानावनात फिरणाऱ्याला तो मार्ग मी सुचवेन.

तुमच्यासाठी खरी अडचण वेगळी. टी-२५ मध्ये डिझेल इंजिन ५० अंश आडवं करून बसवलेलं असतं. त्यासाठी डिझेल टी-२५ चंच ऑइल चेंबर, ऑइल पंप, आधाराचे दांडे आणि बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) लागतं. तुमची मूळ गाडी पेट्रोल, म्हणजे हे सगळं जुन्या बाजारातून गोळा करायचं. दुसरी गोष्ट गिअरबॉक्स: ९० घोड्यांच्या टीडीआयचासुद्धा टॉर्क दोनशे न्यूटन-मीटरच्या वर, ११० घोड्यांचा २३५. तुमचा चार गिअरचा डबा १४१ साठी दिलेला आहे आणि तोही चाळीस वर्षांचा. पाय हलका ठेवणाऱ्याकडे तो टिकतो. पण तिसऱ्या-चौथ्या गिअरचं गुणोत्तर बदलून घेतलं नाही तर मोटरवेवर इंजिन डिझेलला नको इतकं वर फिरत राहतं. तुमच्या डब्याला ११० किलोमीटर वेगाला साडेतीन ते चार हजार आरपीएम पडतात. पेट्रोलला ते चालतं, टीडीआयच्या कानाला नाही. आणि तुमच्या कानालाही नाही, कारण मुलांचा बिछाना बरोब्बर इंजिनावर आहे.

बाकीच्यांचं झटपट. दक्षिण आफ्रिकेत १९९१ पासून या गाडीत ऑडीचं पाच सिलिंडरचं इंजिन देत. तिकडून आलेले संच इंग्लंडमध्ये कधीमधी मिळतात, जोरदार आहेत, पण सुट्ट्या भागांसाठी वाट बघायची तयारी हवी. गोल्फची पेट्रोल इंजिनं बसतात, त्यांनाही डिझेल गाडीचाच जोडसंच लागतो. विजेची मोटर घालणाऱ्यांची कामं मी बघितलीत, सुरेख असतात; पण चार माणसं आणि सामान घेऊन स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला जायचं तर बॅटरीचं वजन, जागा आणि पैसा तिन्ही बाजूंनी तुमचा हिशोब बसणार नाही.

कागदपत्रांकडे लोक शेवटी बघतात, तुम्ही आधी बघा. इंजिन बदललं की डीव्हीएलएला (वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याला) कळवून व्ही-५-सी या नोंदणीपत्रावर इंजिन नंबर, सीसी आणि इंधन दुरुस्त करून घ्यावं लागतं, पावती जपून ठेवा. १ जानेवारी १९८५ च्या आधी बनलेल्या गाड्या १ एप्रिल २०२५ पासून हिस्टॉरिक वर्गात रोड टॅक्समुक्त होऊ शकतात, तुमची त्यात येते. अर्ज मात्र करावा लागतो, आपोआप होत नाही. एकदा त्या वर्गात गेली की लंडनच्या यूलेझचे (प्रदूषण नियंत्रण क्षेत्राचे) दिवसाचे साडेबारा पाउंडही खासगी वापरासाठी लागत नाहीत.

एमओटीची (वार्षिक सुरक्षा तपासणीची) सूट वेगळी. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला ती मिळते, पण गेल्या तीस वर्षांत मोठा बदल केलेला नसेल तरच. सरकारी मार्गदर्शनानुसार त्याच मूळ इंजिनाची वेगळी सीसी, किंवा त्या गाडीला कंपनीने दिलेलं दुसरं इंजिन, हा मोठा बदल धरला जात नाही. म्हणजे १.९ च्या जागी २.१ वॉटरबॉक्सर निर्धास्त. सुबारूला ते कलम लागू होईल असं मी कुणाला सांगणार नाही. सुबारू टाकलीत तर दरवर्षी एमओटी करत राहा. खरं तर इंजिन कुठलंही असो, मुलं मागे झोपणार असतील तर एमओटी कराच. ब्रेक आणि गंज कुणीतरी परक्या डोळ्यांनी वर्षातून एकदा बघितलेला बरा. विमा कंपनीला बदल लेखी कळवायचा, हे सांगायला नको.

तर तुमचा वापर बघता माझं मत असं. चार तपासण्या बऱ्या आल्या तर दोन्ही हेडचं काम करा, बाकी काही नको. केस झिजलेली निघाली तर बदली तत्त्वावर तयार १.९ घ्या, किंवा खिसा परवानगी देत असेल तर २.१, रॉड बोल्टची चौकशी करून. आल्प्स दरवर्षीचं होणार असेल आणि हळू चढण्याचा खरंच वैताग येत असेल, तर सुबारू ईजे-२२, पण तुमच्या सध्याच्या गॅरेजकडून नाही. त्याने अशी एक गाडी पूर्ण केलेली असती तर तुम्हाला ती दाखवली असती. टीडीआय तुमच्यासाठी नाही. रोज शंभर मैल जाणाऱ्यासाठी ते ठीक आहे, मूळ गाडी डिझेल असेल तर आणखी ठीक.

इंजिन उतरलेलं असताना काही कामं त्याच मजुरीत होतात, ती सोडू नका. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं फ्लायव्हीलकडचं सील. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. गाडीच्या पोटाखालचे कुलंट पाइप, लोखंडी असोत की प्लास्टिकचे, त्यांची टोकं तपासून घ्या. प्लास्टिकवाल्यांच्या टोकाला आत धातूची नळी असते, ती एकदा तापून ढिली झाली की क्लिप कितीही आवळा, गळतं. आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, एकही जुनी ठेवू नका. टाकी पुढे, इंजिन मागे, त्यामुळे त्या बऱ्याच आहेत. इंजिनापाशी पेट्रोलची जुनी नळी तडकून टी-२५ जळाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालंय, ते जुन्या रबराला झपाट्याने खातं. नव्या नळ्या आर-९ दर्जाच्या, म्हणजे इथेनॉल सहन करणाऱ्या, घ्या, आणि गाडीत ई-५ सुपरच भरा.

जाता जाता, होल्ड्सवर्थचा कारखाना वुडलीला होता, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यांचं लाकूडकाम चांगलं असतं, पण फ्रिज आणि गॅसचं जोडकाम आता चाळीस वर्षांचं झालंय. इंजिनाचा खर्च ठरवताना त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा.

कॉम्प्रेशनचे चार आकडे, गरम असतानाचं ऑइल प्रेशर आणि गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला ठोकलेली कोडची अक्षरं कळवा. डाव्या हेडच्या सांध्याचा जवळून एक फोटोही पाठवा, आधी पुसून घेऊन, म्हणजे ताजं गळणं कुठून येतंय ते दिसेल. तोवर गाडी लांब नेऊ नका. गावातल्या गावात फिरवायला हरकत नाही, दर वेळी निघण्याआधी मागचं झाकण उघडून एक्स्पान्शन टाकीतली पातळी मात्र बघत जा. नंबर प्लेटमागच्या बाटलीवर जाऊ नका, ती भरलेली दिसते आणि टाकी रिकामी असते.